गुढीवरचा तांब्या उपडा होईपर्यंत: एआय एजंटकडून चित्र टप्प्याटप्प्याने सुधारून घ्यायची पद्धत

कुठल्याही एआयला सांगून बघा, बाल्कनीत गुढी उभारलेली आहे, शेजारी नऊवारीतली आजी आणि हातात पूजेचं ताट घेतलेली नात, असं चित्र काढ म्हणून. चित्र झकास येतं, सकाळचं ऊन वगैरे एकदम सिनेमातलं, पण बऱ्याचदा गुढीवरचा तांब्या सुलटा असतो, त्यात नारळ आणि भोवती आंब्याची पानं, म्हणजे सरळसरळ कलश. कधीकधी तर नुसता भगवा झेंडाच लावून मोकळं होतं. मग आपण टाईप करतो "तांब्या उपडा कर", तो होतो, पण आजीचा काष्टा गायब. "काष्टा परत आण" म्हटलं की नातीचा चेहरा बदलतो. असं सहा-सात मेसेज गेले की चित्रात आपली माणसंच राहत नाहीत, कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या भिडूपर्यंत पोचलेल्या वाक्यासारखं होतं सगळं.

यावर उपाय म्हणजे जास्त भारी प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहिणं नाही. चित्र काढणारं मॉडेल वेगळं, बघणारं वेगळं, आणि मागच्या चांगल्या आवृत्तीवर परत जायची सोय, एवढं जमवलं की निम्मं काम होतं, आणि हे सगळं सांभाळणारा जो प्रोग्रॅम त्याला सध्या एजंट म्हणतात. तो कसा लावायचा, कुठे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते लिहितोय. कोडिंग येत असेल तर शनिवार-रविवारात होईल, येत नसेल तरी हीच पद्धत चॅटमध्ये हाताने चालवता येते, फक्त फाईली सांभाळायची शिस्त आपली.

आधी, बिघडतं का ते

शब्दांनी चित्र सुधारायची कल्पना काही कालची नाही, २०२२ च्या शेवटी बर्कलीच्या लोकांनी इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्स आणलं तेव्हा "याला हिवाळा कर" असं सांगून फोटो बदलता यायला लागला होता. पण सगळ्यांच्या हातात हे आलं २०२५ मध्ये. मार्चमध्ये चॅटजीपीटीत जीपीटी-४ओचं चित्र काढणं आलं, मे महिन्यात ब्लॅक फॉरेस्ट लॅब्जचं फ्लक्स कॉन्टेक्स्ट, ऑगस्टमध्ये अलिबाबाचं क्वेन इमेज एडिट आणि त्याच महिन्यात गूगलचं जेमिनाय २.५ फ्लॅश इमेज, म्हणजे ते नॅनो बनाना, ज्यावर सप्टेंबरात आपल्याकडे साडीवाल्या फोटोंचा पूर आला होता.

यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये होतं काय, की आपण "फक्त तांब्या" म्हणालो तरी मॉडेल पूर्ण चित्र नव्याने काढतं. चित्र आत जाताना दाबून छोटं केलं जातं (स्टेबल डिफ्युजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्त्यांत ५१२ बाय ५१२ चं चित्र आत ६४ बाय ६४ च्या जाळीत बसायचं, प्रत्येक चौकोनाला ४ आकडे), त्यावर काम होतं, आणि बाहेर येताना ते परत फुगवलं जातं. या जाण्यायेण्यात बारीक तपशील मरतात, नथीचे मोती, पैठणीच्या काठावरचे मोर, डोळ्यातली चमक. एकदा झालं तर कळतही नाही, पण त्याच चित्रावर पाच-सहा वेळा झालं की कातडी मेणाची दिसायला लागते, काही मॉडेलमध्ये सगळ्यावर पिवळट झाक चढत जाते. कॉन्टेक्स्ट काढणाऱ्यांनी तर स्वतःच सांगून ठेवलंय की लागोपाठ खूप एडिट केले की चित्राचा दर्जा घसरतो.

म्हणून पहिला नियम, शेवटच्या चित्रावर एडिट करत सुटायचं नाही. शेवटचं म्हणजे सगळ्यात चांगलं असं नसतं.

यादी आधी, चित्र नंतर

एजंटला "चांगलं कर" हे कळत नाही. त्याला हो किंवा नाही असं उत्तर येणारे प्रश्न लागतात, आणि ते पहिलं चित्र काढायच्या आधी लिहायचे, कारण सुंदर चित्र समोर आलं की आपण ढिले पडतो, "चालतंय की" म्हणतो. आमच्या गुढीच्या चित्राची यादी अशी होती:

- तांब्या किंवा गडू काठीच्या टोकावर उपडा आहे का, म्हणजे तोंड खाली?
- तांब्याखाली रेशमी वस्त्र निऱ्या करून बांधलंय का, की झेंड्यासारखं एका बाजूला फडकतंय?
- कडुलिंबाचा डहाळा आहे का? (पानं बारीक, कडेला दातेरी. लांब गुळगुळीत पानं दिसली तर तो आंबा.)
- साखरेच्या गाठींची माळ आहे का?
- आजीच्या साडीला काष्टा आहे का?
- नथ डाव्या नाकपुडीत आहे का, आणि ती नथच आहे ना, की नुसती रिंग?
- दोघींच्या हाताला बोटं पाच-पाचच ना?
- चित्रात कुठेही अक्षरं नाहीत ना?

शेवटचा प्रश्न का ते पुढे येईल. कडुलिंबाच्या प्रश्नात जसा कंस टाकलाय तसे कंस जिथे शक्य तिथे टाका, कारण बघणाऱ्या मॉडेलला "कडुलिंब आहे का" विचारलं की ते कुठल्याही हिरव्या पानाला हो म्हणतं. खूण सांगितली तरच ते खूण शोधतं. नथीचंही तेच, डावी म्हणजे आजीची डावी, बघणाऱ्याची नाही, हे लिहून द्या नाहीतर निम्म्या वेळा उलटं उत्तर मिळेल. आणि कुठे चित्र आडवं फ्लिप झालं असेल तर नथ आपोआप उजवीकडे जाते हेही ध्यानात असू द्या.

एजंटच्या हातात काय द्यायचं

एजंट म्हणजे जादू नाही, एक भाषा मॉडेल असतं, त्याला चार-पाच हत्यारं दिलेली असतात आणि ते विचार, कृती, निरीक्षण, परत विचार अशा फेऱ्या मारतं. ही फेऱ्यांची रीत रिॲक्ट नावाने २०२२ पासून चालत आलीय. आपल्या कामाला हत्यारं लागतात ती ही: चित्र काढणं, चित्र सुधारणं, एखादा भाग कापून मोठा करून बघणं, सुधारलेला तुकडा जुन्या चित्रावर चिकटवणं, आणि वहीत नोंद करणं. पहिली दोन म्हणजे कुठल्यातरी मॉडेलची एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून ते मॉडेल वापरायची सोय), तिसऱ्याला चित्र बघू शकणारं मॉडेल, चौथं आणि पाचवं म्हणजे पायथन भाषेतला साधा प्रोग्रॅम, त्यात एआय काही नाही आणि नसलेलंच बरं.

चित्र सुधारायला कुठलं मॉडेल? पैसे देऊन वापरायचं तर नॅनो बनाना आलं तेव्हा एका चित्राला ०.०३९ डॉलर असा भाव होता, म्हणजे २० एडिटची मर्यादा घातली तरी एका डॉलरच्या आत काम (बघणाऱ्या मॉडेलचा खर्च वेगळा, आणि भाव बदलत राहतात, आजचा बघून घ्या). स्वतःच्या मशीनवर चालवायचं तर क्वेन इमेज एडिट किंवा कॉन्टेक्स्टची डेव्ह आवृत्ती (उतरवून घेता येते ती) कम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये चालते, पण चांगलं ग्राफिक कार्ड लागतं, कॉन्टेक्स्ट डेव्ह १२ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे आतल्या आकड्यांचं) आहे आणि क्वेन इमेज २० अब्जचं, साध्या लॅपटॉपवर रडत बसाल. लायसन्सही बघा, क्वेन अपाची २.० खाली आहे म्हणून धंद्यालाही चालतं, कॉन्टेक्स्ट डेव्हचे वेट्स, म्हणजे मॉडेलची मूळ फाईल, बिगर-व्यावसायिक लायसन्सखाली आहेत. दुकानाचं पोस्टर करणार असाल तर हा फरक आधी वाचा.

काढणारं आणि बघणारं मॉडेल शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवावं असं माझं मत आहे, स्वतःच्या पोराचा पेपर तपासणाऱ्या मास्तरवर फार भिस्त ठेवू नये.

मग एजंटला सूचना द्यायची. मी साधारण अशी देतो, मराठीतच, भाषा मॉडेलला मराठी व्यवस्थित कळतं:

"तुझं काम चित्र यादीप्रमाणे दुरुस्त करणं आहे. एका फेरीत यादीतली एकच गोष्ट घे. आधी तो भाग कापून मोठा कर, काय दिसतंय ते एका ओळीत लिही, आणि मगच हो किंवा नाही ठरव. सुधारायला सांगताना काय बदलायचं आणि काय जसंच्या तसं ठेवायचं ते दोन्ही सांग. स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या ओपन मॉडेलला सूचना इंग्रजीत दे. एडिटनंतर पूर्ण यादी परत तपास, आधी हो असलेली गोष्ट नाही झाली तर ती आवृत्ती टाकून दे आणि जिथून निघालास तिथे परत जा. एकाच गोष्टीवर दोनदा हरलास तर तिसऱ्यांदा तेच करू नकोस, पद्धत बदल. एकूण २० एडिट झाले किंवा पद्धत बदलूनही जमलं नाही तर थांब आणि मला विचार."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "काय दिसतंय ते लिही आणि मगच ठरव" हे आहे. थेट "तांब्या उपडा आहे का" विचारलं तर बघणारं मॉडेल आपल्याला खूश करायला हो म्हणून टाकतं. "काठीच्या टोकाला जे भांडं आहे त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आत काही दिसतंय का" असं विचारलं की ते लिहितं "तोंड वर, आत नारळ", आणि मग स्वतःच्याच लिहिण्याच्या विरुद्ध जाणं त्याला अवघड जातं. शिवाय पूर्ण चित्र दाखवून नथीबद्दल विचारू नका, अख्ख्या चित्रात नथ चार-दोन पिक्सेलची असते, चेहरा कापून मोठा करा मग विचारा.

आवृत्त्यांचं झाड

प्रत्येक चित्राला नंबर, आणि नोंदीत चार गोष्टी: कुठल्या नंबरवरून निघालं, काय सांगितलं होतं, यादीतलं काय पास काय नापास, ठेवलं की टाकलं. म्हणजे वहीत असं दिसतं: "०४, निघालं ०२ वरून, तांब्या उपडा करायला सांगितलं, तांब्या पास, काष्टा नापास, टाकलं. ०५, निघालं ०२ वरून, फक्त वरच्या चौकोनात, तांब्या पास, बाकी सगळं जसंच्या तसं, ठेवलं." ०५ हा ०४ वरून नाही तर ०२ वरून निघालाय हे बघा, सगळी गंमत तिथे आहे. फाईल पीएनजीच ठेवा, जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडं थोडं खातं.

तुकडा चिकटवायची युक्ती

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळं विसरलात आणि एवढं केलंत तरी चित्रं कितीतरी टिकतील.

मॉडेलने पूर्ण चित्र परत काढून दिलं तरी आपण ते पूर्ण घ्यायचं कशाला? तांब्याचा भाग तेवढा नव्यातून घ्या, बाकीचं सगळं जुनंच ठेवा. पायथनच्या पिलो लायब्ररीत कॉम्पोझिट नावाचं फंक्शन याच कामाचं आहे, नवं चित्र, जुनं चित्र आणि एक काळापांढरा मास्क दिला की पांढऱ्या जागी नवं, काळ्या जागी जुनं. मास्कची कड थोडी ब्लर करायची म्हणजे जोड दिसत नाही. असं केलं की आजीचा चेहरा पहिल्या चित्रात होता तोच शेवटच्या चित्रात, पिक्सेलन् पिक्सेल.

मास्क कसा बनवायचा, तर साधा चौकोनही पुष्कळदा पुरतो, नेमका आकार हवा तर मेटाचं सेगमेंट एनिथिंग आहे, २०२३ पासून फुकट उपलब्ध, वस्तूवर एक टिंब दिलं की कड काढून देतं. फक्त सावली विसरू नका, तांब्या बदलला आणि भिंतीवरची जुनी नारळाची सावली तशीच राहिली तर लोकांना काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं. मास्कमध्ये सावलीही घ्या.

दोन खाचखळगे. एक, मास्कचा अर्थ सगळीकडे सारखा नाही, स्टेबल डिफ्युजनच्या टूल्समध्ये पांढरं म्हणजे बदलायचं, ओपनएआयच्या एपीआयमध्ये जिथे पारदर्शक तिथे बदलायचं, उलटा दिला की तांब्या सोडून सगळं जग बदलून येतं. आणि ओपनएआयचं जीपीटी इमेज मॉडेल मास्कला कडक कुंपण मानत नाही, तो त्याला नुसता इशारा असतो, कंपनीनेच तसं लिहिलंय, म्हणून तिथेही चिकटवायचं काम आपल्यालाच करावं लागतं. दोन, मॉडेल कधी चित्र थोडं सरकवतं, किंचित झूम करतं, किंवा लांबीरुंदीचं प्रमाणच बदलतं. एजंटला सांगा की चिकटवायच्या आधी मास्कच्या बाहेरच्या भागात नव्या आणि जुन्या चित्राचा फरक मोजायचा, थोडाफार असणारच, पण कडाच जुळत नसतील तर ती आवृत्ती सरळ टाकायची.

नथीसारख्या बारीक गोष्टीला वेगळी वाट. चेहऱ्याचा चौकोन कापा, तो १०२४ बाय १०२४ ला मोठा करा, त्या मोठ्या तुकड्यावर नथ दुरुस्त करून घ्या, परत छोटा करून जागेवर चिकटवा. मॉडेलला काम करायला जागा मिळते, मोती मोत्यासारखे येतात. स्टेबल डिफ्युजन चालवायला ऑटोमॅटिक ११११ हा प्रोग्रॅम वापरलेल्यांना हे माहीत असेल, तिथे "फक्त मास्क केलेला भाग" असा पर्यायच होता.

हट्टी चुका

तांब्या दोन्ही वेळा सुलटाच आला तर शब्द बदलून काही होत नाही, तेव्हा पद्धत बदलायची. "कलश नको, नारळ नको" असं सांगू नका, नावं घेतली की ती वस्तू यायची शक्यता वाढतेच, काय हवं तेच सांगा: "काठीच्या टोकावर तांब्याचं भांडं, तळ आकाशाकडे, तोंड जमिनीकडे, काठी भांड्याच्या आत शिरलेली." तरी नाही ऐकलं तर घरातला तांब्या लाकडी पळीवर उपडा घालून मोबाईलने फोटो काढा आणि दुसरं चित्र म्हणून द्या, सांगा की पहिल्या चित्रातलं भांडं दुसऱ्यातल्यासारखं कर. आणि सगळ्यात रामबाण म्हणजे पेंटमध्ये माऊसने चित्रावरच तपकिरी रंगाचा वेडावाकडा उपडा तांब्या काढायचा आणि म्हणायचं "हा गिचमिड काढलेला भाग खरा दिसेल असा कर, आकार आणि दिशा तीच ठेव." चित्रकला अजिबात येत नसली तरी चालते, दिशा कळली की बास.

काष्ट्यालाही फोटोच द्यावा लागतो बहुतेक. नऊवारी शब्द मॉडेलला येतो, पण काष्टा मागे कसा खोचतात हे त्याने पुरेसं बघितलेलं नसावं, त्यामुळे मॉडेल कधी धोतर काढतं कधी घागरा. फोटो घरच्याच माणसाचा, त्यांना विचारून घेतलेला असावा, नेटवरून कोणा बाईचा फोटो उचलून टाकू नका.

क्रम

मोठ्याकडून बारीककडे जायचं. आधी मांडणी, कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतोय, हे पटेपर्यंत नवीन चित्रंच काढत राहा, एडिट सुरूच करू नका, कारण मांडणी बदलणारा एडिट बाकी सगळं केलेलं वाया घालवतो. मग वस्तू, मग कपडे, मग चेहरे आणि नथ. बोटं सगळ्यात शेवटी.

आणि जे एआयशिवाय होतं ते एआयकडे नेऊच नका. उजेड वाढवणं, पिवळेपणा काढणं, क्रॉप करणं, हे जिंपसारख्या फोटो एडिटरमध्ये किंवा दोन ओळींच्या कोडने होतं आणि चित्राचं काही बिघडत नाही. एजंटला हेही हत्यार म्हणून देता येतं, नाहीतर तो "जरा उजळ कर" साठी पण चित्र सगळं परत काढायला पाठवेल.

अक्षरं

"गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा" चित्रातच लिहून मागायचा मोह सगळ्यांना होतो. नवी मॉडेलं देवनागरी आधीपेक्षा बरी काढतात, पण जोडाक्षरं आणि रफार आला की भरवसा नाही, "र्दि" मधला रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे, आणि एकदा चुकीचं आलं की ते एडिटने सुधारणं म्हणजे डोकेदुखी, एक अक्षर नीट करायला जावं तर दुसरं मोडतं. म्हणून यादीत "अक्षरं नाहीत ना" आहे. वर किंवा बाजूला मोकळी जागा सोडायला सांगा आणि मजकूर शेवटी इंकस्केप किंवा कॅन्व्हासारख्या डिझाईनच्या प्रोग्रॅममध्ये खऱ्या फॉन्टने टाका, मुक्त किंवा बलू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाईपने बनवलेले, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, जोडाक्षरं व्यवस्थित.

मजकूर टाकलेली फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा, बिनअक्षरांची मूळ पीएनजी आणि नोंदवही तशीच ठेवा, पुढच्या वर्षी नुसता मजकूर बदलून काम होईल. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलं तर ते दाबून पाठवतं, मंडळाच्या छपाईवाल्याला पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.